टीटी-०२ डावीकडे वळत नाही, उजवीकडे गिरकी घेते: टूरिंग कारच्या सेटिंगसाठी मदत हवी

खारघर_टीटी०२
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत तामियाचं टीटी-०२ किट घेतलं आणि घरीच जोडलं. १/१० मापाची, चारही चाकं फिरवणारी, मधून लांब शाफ्ट गेलेली इलेक्ट्रिक टूरिंग कार. मोटर किटमधलीच ५४० ब्रश्ड, पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) २२ दात, स्पर (त्याला जोडलेलं मोठं) ७० दात. आतापर्यंत तीन बदल केले: प्लास्टिकच्या बुशांच्या जागी ११५० बेअरिंगं, किटच्या कोरड्या शॉकऐवजी तेलाचे सीव्हीए शॉक, आणि महिन्यापूर्वी सहा सेलच्या निकेल बॅटरीऐवजी २ सेलची लायपो (लिथियम पॉलिमर).

चालवतो आमच्या सेक्टरातल्या मार्केटमागच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी साडेसहाला. जमीन काँक्रीटची, दर चार-पाच मीटरवर सांधा, आणि बांधकामांची बारीक धूळ कायम.

अडचण अशी. पाण्याच्या दोन बाटल्या ठेवून इंग्रजी आठाचा आकडा काढतो. डाव्या वळणात गाडी पुढून बाहेर जाते, स्टीअरिंग पूर्ण दिलं तरी रुंद वळते. उजव्या वळणात त्याच वेगाला मागची बाजू सुटते आणि गाडी गिरकी घेते. सरळ रेषेत ठीक चालते. जपानमधल्या एका ट्रॅकची सेटिंग शीट नेटवर मिळाली, त्याप्रमाणे स्प्रिंगा बदलल्या, पुढे मऊ, मागे कडक. फरक शून्य. उलट गिरकी वाढली.

मला ही गाडी नीट समजून घ्यायची आहे. कुठून सुरुवात करू?

नेरूळ_पॉडियम
टायर रिमला चिकटवलेत का? एखाद्या टायरची कड सुटलेली असेल तर एकाच बाजूच्या वळणात तो रिमवरून सरकतो. चारही टायर अंगठ्याने दाबून, कड ओढून बघा.

खारघर_टीटी०२
बघितले. चारही पक्के आहेत, सुपरग्लू सगळीकडे धरलाय.

कोलशेत_ड्रिफ्ट
मागे टो-इन वाढवा. मागची चाकं २ ते ३ अंश आत वळलेली असली की मागचं सुटत नाही. टीटी-०२ साठी तसे मागचे अपराइट (चाक धरणारे भाग) वेगळे मिळतात.

टूलरूम_वागळे
टो-इनने उजवीकडची गिरकी कमी होईल, पण डावीकडे गाडी आणखी रुंद जाईल. दोन्ही वळणांत एकच दोष असता तर टो, स्प्रिंग, डिफ (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) या गोष्टींकडे वळायचं. एका वळणात पुढचं घसरतं आणि दुसऱ्यात मागचं, म्हणजे गाडी डावी-उजवी सारखी उभी नाही. चॅसिसला पीळ आहे.

मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये ३१ वर्षं काम केलं, त्यामुळे मला आधी सपाटी दिसते, बाकी सगळं नंतर. कारण सांगतो. समजा तुमच्या गाडीचं वजन मागच्या डाव्या आणि पुढच्या उजव्या चाकावर जास्त पडलंय, म्हणजे एका कर्णावर. उजव्या वळणात भार डावीकडे सरकतो. मागच्या डाव्या चाकावर आधीच जास्त वजन, त्यात हा भार. मागच्या जोडीतलं एकच चाक सगळं काम करतं, दुसरं नुसतं टेकलेलं. दोन चाकांनी वाटून घेतलेल्या भाराला जेवढी पकड मिळते तेवढी एकट्या चाकाला मिळत नाही, म्हणून मागचं सुटतं. डाव्या वळणात हेच पुढच्या उजव्या चाकाबाबत होतं, म्हणून पुढचं घसरतं. तुम्ही लिहिलेली लक्षणं या कर्णाशी तंतोतंत जुळतात.

तपासायची रीत. काचवाल्याकडून ८ किंवा १० मिमी जाडीची काच कापून घ्या, साधारण दीड फूट बाय दीड फूट, कडा घासून. घरात ग्रॅनाइटचा ओटा असेल तर तोही चालेल, फक्त आधी पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का ते पाहा. गाडी बॅटरीसकट, बॉडी काढून काचेवर ठेवा. मागचं टोक दोनदा दाबून सोडा, पुढचंही. आता चाकूचं टोक पुढच्या बाजूला चॅसिसच्या बरोब्बर मध्यावर खालून लावा आणि हळूहळू उचला. दोन्ही पुढची चाकं एकाच क्षणी काच सोडायला हवीत. एक आधी उठलं तर ते हलकं. मग मागच्या बाजूने तेच. मध्य डोळ्याने ठरवू नका, व्हर्नियरने मोजून पेनची खूण करा.

माझा अंदाज: पुढून उचलल्यावर डावं आधी उठेल, मागून उचलल्यावर उजवं. करून बघा आणि इथे लिहा. तोवर स्प्रिंगांना हात लावू नका, आणि ती शीट बाजूला ठेवा. ती शीट त्यांच्या जमिनीसाठी आहे.

खारघर_टीटी०२
काका, मनापासून आभार. मी तुमचं वाचून ओट्यावरच करून पाहिलं. पुढून डावं आधी, मागून उजवं आधी. अगदी तुम्ही लिहिलंत तसं. पुढे फरक बराच आहे, एक चाक जवळजवळ ३ मिमी उठल्यावर दुसरं उठतं.

आता पीळ काढायचा कसा?

टूलरूम_वागळे
तीन ठिकाणी शोधायचा, याच क्रमाने.

आधी शॉक. चारही काढा. पुढचे दोन शेजारी-शेजारी धरून लांबी मोजा, स्प्रिंगवरचे स्पेसर मोजा. सीव्हीए शॉकमध्ये उंची त्या प्लास्टिकच्या स्पेसरांनी ठरते आणि ते वेगवेगळ्या जाडीचे, दिसायला सारखे असतात. मग दांडा आत दाबून सोडा. दोन्ही सारख्या वेगाने, सारखेच बाहेर यायला हवेत. एक जास्त उसळत असेल तर तेल जास्त झालंय किंवा आत हवा आहे.

मग शॉक नसताना सस्पेन्शनचे हात. प्रत्येक हात वर उचलून सोडा, तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकत असेल तर तिथला स्क्रू जास्त आवळलाय. अर्धा आटा सैल करा.

शेवटी चॅसिस. टीटी-०२ चा टब, म्हणजे खालचा सांगाडा, एकसंध आहे, पण पुढचं-मागचं गिअरबॉक्सचं झाकण त्यावर स्क्रूने बसतं. हातात धरून, एकेक स्क्रू पुरता आवळत गेलं की टब त्या झाकणासोबत पिळतो. सगळे स्क्रू अर्धा ते एक आटा सैल करा, चॅसिस काचेवर ठेवून हाताने दाबून धरा आणि कर्णाच्या क्रमाने थोडे-थोडे आवळा. मोटारसायकलचं हेड बसवताना करतात तसंच. प्लास्टिकचे आटे आहेत, स्क्रू टेकला की थांबायचं.

ऐरोलीची_आई
मध्येच विचारते. माझी मुलगी आठवीत आहे, तिला मामाने अशीच गाडी दिलीय. लायपो बॅटरीबद्दल इतकं वाचलं की चार्ज करायची भीती वाटते. आमच्याकडे बाल्कनीत ग्रिल आहे, तिथे चार्ज केली तर चालेल का?

बेल्टवाला_घणसोली
ताई, भीती नको, पण शिस्त हवी.

चार्जर बॅलन्स चार्जिंगवालाच वापरा, छोटा पांढरा कनेक्टरही जोडायचा. करंट १सी, म्हणजे ४००० एमएएचच्या बॅटरीला ४ अँपिअर. २ सेलची बॅटरी भरली की ८.४ व्होल्ट. चालवताना प्रत्येक सेल ३.३ च्या खाली जाऊ देऊ नका. गाडीच्या ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणारा डबा) लायपो कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरली की मोटर बंद करायची सोय, आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर बॅलन्स कनेक्टरला लावायचा छोटा अलार्म मिळतो, तो लावा, तो ओरडला की गाडी बंद. आठवडाभर वापरायची नसेल तर चार्जरच्या स्टोरेज मोडवर सेलमागे ३.८ व्होल्टला आणून ठेवा.

बाल्कनी चालेल, पण उन्हात नाही, आणि वाळत घातलेले कपडे, पडदे जवळ नकोत. मी मातीची मोठी कुंडी वापरतो, तळाला वाळू, आत बॅटरी. चार्जिंग चालू असताना घरात कोणीतरी जागं हवंच. रात्री लावून झोपायचं नाही. बॅटरी फुगली किंवा गाडी आदळून तिला पोचा आला तर ती परत चार्ज करायची नाही. मुलीला पहिले काही वेळा शेजारी बसवून करून दाखवा, मुलं हे मोठ्यांपेक्षा नीट पाळतात.

ऐरोलीची_आई
खूप आभार. कुंडी आहे, वाळू आणते.

खारघर_टीटी०२
काल रात्री सगळं खोललं. हे सापडलं.

पुढच्या उजव्या शॉकवर स्पेसर ३ मिमीचा, डाव्यावर २ चा. किट जोडताना नाही, नंतर शॉक बदलताना माझ्या हातून झालं. मागच्या डाव्या शॉकमध्ये हवा नव्हती पण तेल जास्त होतं, दांडा दाबला की पूर्ण बाहेर येत होता, उजवा अर्ध्यावर थांबत होता. मागचा डावा हातही अडकत होता, वर उचलला तर तिथेच राहायचा.

शॉक नव्याने भरले. तेल ओतून दांडा हळूहळू वर-खाली केला, बुडबुडे निघून जायला पंधरा मिनिटं उभे ठेवले, मग झाकण लावताना जास्तीचं तेल बाहेर येऊ दिलं. चारही आता जोडीजोडीने सारखे आहेत. मागचं झाकण काचेवर दाबून पुन्हा आवळलं. वाशीच्या काचवाल्याने काच दीड फूट बाय दीड फूट अगदी मापात कापून दिली.

आता पुढून दोन्ही चाकं एकदम उठतात. मागून उजवं अजून किंचित आधी, पण अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

एक प्रश्न. निकेल बॅटरी घरच्या काट्यावर ३८४ ग्रॅम भरली, लायपो २६२. बॅटरी गाडीच्या एकाच बाजूला बसते. मग १२२ ग्रॅम एका बाजूने कमी झाले ना?

टूलरूम_वागळे
शाब्बास. वजन करून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. हो, झाले कमी. चाकूच्या परीक्षेत पीळ कळतो, डाव्या-उजव्या वजनाचा फरक वेगळा पाहावा लागतो. चॅसिसच्या मध्यरेषेवर पुढे एक आणि मागे एक टोकदार आधार द्या, गाडी त्यावर तोलून धरा, ज्या बाजूला झुकेल ती जड.

वजन वाढवायला चारचाकीचं व्हील बॅलन्सिंग करतात त्या दुकानात जा. मागे चिकटपट्टी असलेल्या ५ आणि १० ग्रॅमच्या पट्ट्या मिळतात. बॅटरीच्या बाजूला, शक्य तितक्या खाली आणि चाकांच्या मधल्या भागात चिकटवा. पूर्ण १२२ भरू नका, तोल येईपर्यंतच. हलकी गाडी लवकर थांबते, लवकर पळते, उगाच जड करायची नाही.

कोलशेत_ड्रिफ्ट
काका बरोबर आहेत, माझा टो-इनचा सल्ला घाईचा होता. पण एक सांगतो, टीटी-०२ चं स्टीअरिंग मुळातच सैल असतं. पुढचं चाक बोटाने हलवून बघा, किती खेळ आहे ते. त्यातला बराच भाग किटच्या सर्व्हो सेव्हरमुळे (चाक वळवणारी छोटी मोटर म्हणजे सर्व्हो, तिला धक्क्यापासून वाचवणारा स्प्रिंगचा सांधा म्हणजे सेव्हर). कडक सर्व्हो सेव्हर बसवला की सरळ रेषेत सारखं ट्रिम करत बसावं लागत नाही.

आणि तो बसवताना आधी रेडिओ चालू करून ट्रिम शून्यावर आणा, सर्व्हो मध्यावर येऊ द्या, मगच हॉर्न, म्हणजे सर्व्होच्या टोकावरची पट्टी, सरळ बसवा. राहिलेला किंचित फरक रेडिओवरच्या सबट्रिमने, म्हणजे बारीक मध्य-दुरुस्तीने. त्यानंतर दोन्ही बाजूंचे एंड पॉइंट (स्टीअरिंग कुठवर वळेल ती मर्यादा) असे ठेवा की डावीकडे आणि उजवीकडे चाक सारख्याच अंशात वळेल. हे नीट नसेल तर पीळ काढूनही एका बाजूचं वळण मोठं राहतं.

खारघर_टीटी०२
एंड पॉइंट पाहिले. डावीकडे चाक कमी वळत होतं, डोळ्यालाही कळत होतं. आता समान केले.

नेरूळ_पॉडियम
जमिनीबद्दल थोडं लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं ते इथे.

परदेशी शीटवर उंची ५ ते ५.५ मिमी लिहिलेली असते. ती कार्पेटची किंवा झाडून-पुसून ठेवलेल्या डांबरी ट्रॅकची. आपल्या काँक्रीटच्या सांध्यांवर तेवढ्या उंचीवर गाडीचं पोट घासतं आणि घासलं की त्या क्षणी चारही चाकं हलकी होतात. मी पॉडियमवर ७ ठेवतो, पेव्हर ब्लॉकवर ८ च्या खाली जात नाही. पेव्हरवर खरं तर चालवूच नये, टायर आणि बेअरिंगं दोन्ही जातात. ट्रिमिक्स केलेलं गुळगुळीत काँक्रीट दिसायला छान, पण धूळ बसली की साबणासारखं. त्यापेक्षा झाडूच्या रेघा ओढलेलं खरबरीत काँक्रीट चांगलं.

सकाळी गेलो की मी आधी वळणांच्या जागा झाडून घेतो. दहा मिनिटं लागतात. स्प्रिंगा बदलून जेवढा फरक पडतो त्यापेक्षा या दहा मिनिटांनी जास्त पडतो. ओलं फडकं जवळ ठेवून दर बॅटरीनंतर टायर पुसतो.

टायरही बघा. किटचे नक्षीवाले टायर शिकायला ठीक आहेत. गुळगुळीत रबराचे रेसिंग टायर घेतलेत तर त्यांवरचा नंबर पाहून घ्या. नंबर जितका मोठा तितकं ते रबर तापलेल्या जमिनीसाठी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ३६ चे चांगले चालतात. डिसेंबरच्या सकाळी तेच टायर गरम व्हायलाच अर्धी बॅटरी जाते.

बेल्टवाला_घणसोली
उन्हाळ्याचा विषय निघाला म्हणून माझी गोष्ट सांगतो, कारण खारघरकर पुढे ब्रशलेस मोटर घेणारच.

माझी गाडी शाफ्टऐवजी बेल्टवर चालणारी, १७.५ टर्नची (वेढ्यांची) सेन्सर्ड मोटर, ईएससीवर जादा वेग देणारं टायमिंग शून्य. स्पर ९६, पिनियन ४४, गाडीचं आतलं प्रमाण १.९. हिशोब असा: ९६ भागिले ४४, गुणिले १.९, म्हणजे ४.१५. मोटर इतके फेरे फिरली की चाक एक फेरा फिरतं. आकडा लहान केला की वरचा वेग वाढतो, मोटरवरचा ताण वाढतो. मी हावेने ४८ चा पिनियन लावला, आकडा झाला ३.८. मे महिन्यातली सकाळ, नऊ वाजलेले. चार मिनिटांत मोटर ९४ अंशांवर. माझ्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर होता म्हणून कळलं. ८० च्या वर नेऊ नये, कारण आतल्या चुंबकाची ताकद उष्णतेने कायमची कमी होते. ती मोटर नंतर कधीच पहिल्यासारखी ओढली नाही.

टीटी-०२ चं आतलं प्रमाण २.६. तुमचं आत्ता ७० भागिले २२, गुणिले २.६, म्हणजे ८.२७. किटच्या मोटरला हे सुरक्षित आहे. पुढे बदललं तर एका वेळी एकच दात वाढवा, तीन मिनिटं चालवा, थांबून तापमान घ्या, मगच पुढचा दात.

खारघर_टीटी०२
हे वहीत लिहून ठेवलं. वही केलीय खास.

टूलरूम_वागळे
वहीत प्रत्येक वेळी तारीख, वेळ, जमीन सुकी की दमट, उंची पुढे-मागे, तेल, स्प्रिंग, टायर आणि एकच बदल. दोन बदल एकदम केले की कोणता लागू पडला ते कळत नाही. आणि बदल पटला नाही तर परत जुन्यावर येऊन खात्री करायची.

माझ्या लहानपणी शेजाऱ्यांच्या नातेवाईकाने परदेशातून तामियाची गाडी आणली होती. या कंपनीची पहिली रेडिओ कंट्रोल गाडी १९७६ सालची, पोर्शे ९३४, शेजाऱ्यांकडची नंतरची होती. २७ मेगाहर्ट्झ, क्रिस्टल बदलायचे. चाळीच्या गच्चीवर आम्ही पाच-सहा जण नुसते बघत बसायचो, हातात मिळाली नाही कधी. निवृत्तीनंतर पहिलं किट घेतलं तेव्हा जोडायला मुद्दाम तीन आठवडे लावले.

कोलशेत_ड्रिफ्ट
काका, हे वाचून खूप बरं वाटलं.

खारघर_टीटी०२
रविवारचा अहवाल.

गाडीत बॅटरीच्या बाजूला ४५ ग्रॅमवर तोल आला, तिथेच थांबलो. उंची पुढे-मागे ७ मिमी. स्प्रिंगा किटबरोबर आलेल्या, पुढे-मागे सारख्या. तेल ४०० नंबर चारही शॉकमध्ये. वळणं झाडून घेतली.

पूर्वी आठाच्या आकड्याचे दहा फेरे ५८ सेकंदांत होत होते, तेही गिरकी न घेता क्वचित. काल सलग चार वेळा ५१ ते ५२. डावं आणि उजवं वळण आता सारखं वाटतं. उजवीकडे पूर्ण थ्रॉटलवर बाहेर पडताना मागचं अजून जरा हलतं, पण सुटत नाही, स्टीअरिंगने सावरता येतं. सगळ्यात आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. गाडी काय करणार हे करायच्या आधी कळायला लागलं. मी सातव्या फेऱ्यानंतर बाटल्यांकडे बघणंच सोडलं.

आता ती थ्रॉटलवरची हालचाल. मागच्या डिफमध्ये काही भरू का?

बेल्टवाला_घणसोली
मागचा डिफ मोकळाच राहू द्या. किटमधल्या डिफला तेलासाठी सील नसतं, तेल भरलंत तर झिरपून बाहेर येईल. त्यात घट्ट ग्रीस भरतात, पण ते पुढच्या डिफमध्ये. पुढचा घट्ट झाला की थ्रॉटल दिल्यावर पुढची दोन्ही चाकं गाडीला ओढून सरळ करतात. मागचा घट्ट केलात तर हालचाल वाढेल.

शिवाय तुमच्या गाडीला लांब शाफ्ट आहे. थ्रॉटल दिला की शाफ्टच्या उलट दिशेने चॅसिसला थोडा झोका बसतो, त्यामुळे एका बाजूला किंचित फरक राहणारच. बेल्टच्या गाडीत तो तसा जाणवत नाही.

टूलरूम_वागळे
त्याआधी फुकटचा उपाय: रेडिओवर थ्रॉटलला एक्स्पो देऊन पहिला अर्धा भाग मऊ करा. त्याने भागलं तर डिफ उघडूच नका.

ऐरोलीची_आई
आमची गाडीही सुरू झाली. मुलीने चाकूची परीक्षा स्वतः केली, तिच्या गाडीत मागचं डावं आधी उठतं. तिला विचारायचंय की रविवारी तिथे आली तर काका दाखवतील का?

टूलरूम_वागळे
अवश्य आणा. मी ठाण्याहून सकाळच्या पनवेल लोकलने येतो, पावणेसातपर्यंत पोहोचेन. काच खारघरकरांकडे आहेच, मी व्हर्नियर, तोलायचे आधार आणि ४०० चं तेल आणतो. तिला म्हणावं शॉक आत्ताच उघडू नकोस, आहे तसे घेऊन ये, आणि स्पेसरांची जाडी आधी तूच मोजून लिहून आण.

नेरूळ_पॉडियम
मी झाडू आणतो. दोन आणतो.